पाच स्पीकर आणि एक ढावलो

माझ्या भावाच्या घरी गेलं की माणसं नंतर दिसतात, आधी आवाज अंगावर येतो. डोंगरकड्याला एसटीतून उतरायचं, हळदीच्या वावरांमधून तांड्याची वाट धरायची, आणि पहिलं घर दिसायच्या आतच वूफरची धडधड तळपायाला कळायला लागते. तिथूनच माझं डोकं तापायला सुरुवात होते. घरी पोचेपर्यंत ते इतकं तापलेलं असतं की भावजय पाणी घेऊन पुढे येते तेव्हा मी आधी पाणी पिते आणि मगच तोंड उघडते. तिला ते माहीत आहे, म्हणून ती तांब्या भरूनच आणते.

रागाचं कारण साधं आहे. तो कॉम्प्युटर मी भावाला दिलाच नव्हता. मी तो भाचीला दिला होता.

हिंगोलीत खोली करून मी परीक्षांचा अभ्यास केला तो त्याच काळ्या डब्यावर. पुढे कचेरीत नोकरी लागली, लग्न झालं, घरात नवा लॅपटॉप आला. तेव्हा हा जुना गोधडीत गुंडाळून मी जीपनं तांड्यावर नेला. भाची तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिनं डोंगरकड्याला टायपिंगचा क्लास लावला होता. क्लासात मशिनी कमी आणि पोरी जास्त, त्यामुळे तिला सरावाला घरी काहीतरी हवंच होतं. मी पुढच्या खोलीत टेबलावर सगळं मांडून दिलं आणि घरच्यांसमोर सांगितलं, "हे हिचं. हिनं याच्यावर बोटं चालवायची आणि माझ्यासारखं कचेरीत बसायचं." भाचीनं कीबोर्डला हात लावून नमस्कार केला. तिच्यामागून भावानंही केला. त्याचा नमस्कार कशासाठी होता ते मला पुढे कळलं.

भाऊ माझ्यापेक्षा मोठा. व्यसन नाही, आळस नाही, हळद काढायच्या दिवसांत तर माणूस घरात दिसत नाही. पण पिक्चरचं वेड लहानपणापासूनचं. पूर्वी हिंगोलीला जाऊन बघावा लागायचा, आता पिक्चर घरी यायला लागला. मोबाइलच्या दुकानातून पेन ड्राइव्ह भरून आणायचा, डब्याला खुपसायचा, की झालं थिएटर. कॉम्प्युटरला आधी होते दोन बारके स्पीकर. ते त्याला पुरेनात. मग पाच स्पीकर आणि गुडघ्याएवढा वूफर आला. पुढचे तीन समोर, मागचे दोन मागच्या भिंतीला. असं लावलं म्हणे की घोडा पडद्यावर डावीकडून धावला तर तो आपल्या कानामागून जातो.

मागच्या भिंतीला आमच्या याडीची बाज होती. याडी म्हणजे आई. आम्ही घरात आमच्या बोलीत बोलतो, इथे मी मराठीत लिहिते आहे, पण आईला आई लिहिलं तर ती मला माझी वाटणार नाही. तर स्पीकरसाठी याडीची बाज उचलून ओसरीवर टाकली. ज्या खोलीत तिनं संसार केला, आम्हाला वाढवलं, त्या खोलीतून तिला बाहेर काढलं, का, तर कानामागून घोडा जावा म्हणून! मी भांडले तेव्हा भाऊ म्हणाला, "तिलाच वारं पाहिजे. इथं गरमी हुती." याडीही त्याचीच बाजू घेऊन म्हणाली, "व्हय, इथं वारं येतं." याडीची हीच एक गोष्ट मला आजवर सहन झालेली नाही.

संध्याकाळी काम संपलं की गडी माणसं जमायची. कुणी दारात, कुणी खिडकीत. भाऊ खुर्चीत, माऊस मांडीवर, एखाद्या मालकासारखा. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात तसा तो साऱ्या तांड्याला माझ्या कॉम्प्युटरवर पिक्चर दाखवत होता. मारामाऱ्या, भुताखेताचे, दक्षिणेतले हिंदीत बोलणारे, आणि मध्येच एखादा रडका, त्यात पोरगी सासरी निघाली की हा डोळे पुसायचा. आणि माझी भाची, जिच्यासाठी तो डबा मी मांडीवर सांभाळत आणला, ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असायची. संध्याकाळ हीच तिच्या सरावाची वेळ. दिवसा ती कॉलेजात नाहीतर वावरात. आणि घरात कुणी नसतानाही तिला बसता यायचं नाही, कारण बापानं पासवर्ड टाकून ठेवला होता. "पोरी काहीबी दाबतात, पिक्चर उडतात," असं त्याचं म्हणणं.

एका रविवारी मी गेले तेव्हा खोली रिकामी होती. मी सहज कीबोर्डवरचं फुलाफुलांचं कापड काढलं आणि बघतच राहिले. खालचं लांब बटण घासून घासून गुळगुळीत झालं होतं, त्याच्यावर बोटाचा खळगा पडल्यासारखी चमक होती. पिक्चर थांबवायला आणि चालू करायला तेच बटण. पुढे पळवायचं बाणाचं बटणही झिजलेलं. बाकी सगळी अक्षरं दुकानातून आणल्यासारखी कोरी करकरीत, आणि त्यांच्या फटींत हळदीची पिवळी धूळ बसलेली. अक्षर न् अक्षर शाबूत! मी भाचीला हाक मारून दाखवलं. तिनं नुसतं बघितलं आणि कापड पुन्हा नीट घातलं.

टायपिंगच्या परीक्षेत ती नापास झाली. भाऊ मला फोनवर म्हणाला, "पाहिलंस? मशीन देऊन काय फायदा झाला?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन कापला, नाहीतर कचेरीत चारचौघांत मी काय बोलले असते ते मलाच सांगता येत नाही.

मग तिचं लग्न ठरलं. मुलगा हट्ट्याकडच्या तांड्यावरचा, कामाचा, पोरीलाही पसंत. त्यावर माझा काही राग नाही. राग पुढच्या गोष्टीवर आहे, आणि ती सांगण्याआधी ढावलो म्हणजे काय ते सांगायला पाहिजे.

आमच्यात सासरी निघताना मुलगी एकेकाच्या गळ्यात पडून गाते. गाणं म्हणू नका आणि रडणंही म्हणू नका, दोन्ही एकत्र. तोच ढावलो. आजीला वेगळा, काकाला वेगळा, बापाला वेगळा. आमची याडी तांड्यावरच्या पोरींना ढावलो शिकवायची. लग्न ठरलं की पोरगी रोज कामं आटोपून तिच्यापुढे येऊन बसायची. लोकांना वाटतं ती गाणी पाठ करून घेत असेल. ती शब्द देतच नसे. ती आधी दम शिकवायची, कुठं घ्यायचा आणि कुठं तोडायचा. मग गळ्यात पडल्यावर हात कुठं ठेवायचा ते. मग विचारायची, "काकानं तुला काय दिलं?" पोरगी म्हणायची, "काहीच न्हाई." याडी म्हणायची, "मग तेच म्हण."

यातच सगळं आलं. त्या एका दिवशी पोरीला कुणाच्याही तोंडावर काहीही बोलता येतं. माया असेल तर माया, तक्रार असेल तर तक्रार. आणि ज्याच्या गळ्यात ती पडली आहे त्यानं जागचं हलायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. तिचं होईपर्यंत उभं राहायचं आणि ऐकायचं. जन्मभर ज्यांचं ऐकलं त्यांना एकदा ऐकवायचं, एवढाच काय तो आमच्या पोरींचा हक्क.

याडीनं तिच्या लग्नात तिच्या भावाला बैलावरून सुनावलं होतं. तिनं वासरापासून वाढवलेला तांबडा बैल त्यानं तिला न विचारता बाजारात विकला होता. तिनं गळ्यात पडून म्हटलं की सगळा तांडा मला पोचवायला उभा आहे, पण ज्यानं मान वळवून बघितलं असतं तो तेवढा दावणीला नाही. मामा तेव्हा इतका रडला म्हणे की त्याला दोघांनी धरावं लागलं. त्यानंतर तो होता तोवर दर सणाला स्वतः तिला न्यायला यायचा, दुसऱ्या कुणाला पाठवायचा नाही.

आणि माझ्या लग्नात मी काय म्हटलं होतं? माझ्या याच भावाच्या गळ्यात पडून मी म्हटलं होतं की माझं नाव शाळेतून काढायला तूच गेला होतास. एक वर्ष मी तुझी म्हसरं राखली आणि मग भांडून, उपाशी राहून परत शाळेत गेले. तो ढसाढसा रडला होता. सगळ्यांसमोर म्हणाला होता, "माझ्या लेकराचं असं व्हणार न्हाई." म्हणून तर मी विश्वासानं तो कॉम्प्युटर त्याच्या घरात ठेवला. ढावलो ऐकलेला माणूस बदलतो, अशी माझी समजूत होती.

तर भाचीचं लग्न ठरल्यावर याडी खूश झाली. किती दिवसांत तिच्याकडे कुणी शिकायला आलं नव्हतं. आता डीजे असतो, ढावलोला कोण विचारतो? पण घरचीच पोरगी, ती तर येणारच. याडीनं ओसरीवर बाजेशेजारी सतरंजी अंथरून ठेवली.

भावाचं डोकं वेगळं चाललं होतं. त्यानं एका सुट्टीच्या दिवशी आम्हा सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलावलं आणि मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला जोडून ढावलोचे व्हिडिओ लावले. कुठल्या कुठल्या तांड्यावरच्या पोरी रडत होत्या आणि आमच्या पाच स्पीकरांतून त्यांचं रडणं खोलीभर फिरत होतं. एक पोरगी आईच्या गळ्यात पडून हुंदका देते न देते तोच मध्ये अंगाच्या साबणाची जाहिरात आली. एक बाई फेसात खिदळायला लागली. जाहिरात संपली, पोरगी पुन्हा रडायला लागली. तो व्हिडिओ सरला तर पुढचा आपोआप लागला, तो विनोदी. लोक हसले. भाऊही हसला. मला त्या वूफरला लाथ घालावीशी वाटली.

याडीनं नीट ऐकून घेतलं होतं. ती म्हणाली, "ही दुसऱ्याच्या घरची रडून राहिली. आपल्या पोरीनं काहून ऐकावं?"

"शिकायला," भाऊ म्हणाला. "आता सगळे ह्याच्यावरच शिकतात. न्हाईतर तू म्हण, मी तुझंच रेकॉर्ड करतो. आवाज साफ करून ठिवू. तुझ्या माघारीबी राहील."

याडीनं कानाला हात लावला. तिच्या लेखी, समोर जाणारी पोरगी नसताना ढावलो म्हणणं म्हणजे भरल्या घरात रडणं. ते अशुभ. ती म्हणाली, "पोरीला बसव माझ्याम्होरं, तिला शिकवीन. डब्याला न्हाई शिकवायची."

त्यावर भाऊ गप्प बसला. तो गप्प बसला तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पण शेवटची गाडी गाठायची होती म्हणून मी निघून आले.

पुढचं थोडं मला भाचीनं हळदीच्या रात्री सांगितलं, बाकीचं लग्नानंतर कळलं. दुसऱ्याच दिवशी भावानं तिला सांगितलं, जा, दादीपुढं बस. ती बसली. याडीनं दम शिकवला, हात शिकवला, आणि नमुना म्हणून स्वतःचाच ढावलो म्हणून दाखवला, तोच, मामाला म्हटलेला, तांबड्या बैलाचा. इतक्या वर्षांनी तिनं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला, आणि म्हणताना ती रडली. वर कोनाड्यात देवाच्या फोटोमागं भावाचा मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवलेला होता. भाचीलाही ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाची पुन्हा बसायला निघाली तर बाप म्हणाला, "आता गरज न्हाई. काम झालं."

म्हणजे चोरी करायची तीसुद्धा देवाच्या आडून, आणि चोरायचं काय, तर याडीचं रडणं! याडी रोज सतरंजी अंथरायची आणि पोरीची वाट बघायची. पोरगी खरेदीला, पोरगी ब्युटी पार्लरला, पोरगी फोटो काढायला. याडी कुणाला काही बोलली नाही. तिला वाटलं, पोरीलाच नको असेल. इकडे पोरीला वाटलं, दादी एका बैठकीत थकली असेल. दोघी एका घरात राहून त्यानं त्यांना एकमेकींचं कळू दिलं नाही.

भावानं ते रेकॉर्डिंग हिंगोलीच्या एका दुकानात नेलं. तिथं त्याला घुमारा लावला, खाली कॅसिओ वाजवला, याडी जिथं दम तोडत होती त्या सगळ्या जागा कापून सलग केलं. लग्नाच्या आदल्या दिवशी मी पोचले तेव्हा त्यानं मला मोठ्या कौतुकानं ती फाइल दाखवली. लावली नाही, नुसती दाखवली. म्हणाला, "उद्या बघ. कुणाच्या लग्नात झालं नसंल असं करून राहिलो. याडीचं नाव व्हईल." मला वाटलं, व्हिडिओतलंच काही असेल. मंडपाची, पाहुण्यांची गडबड होती. मी हो म्हटलं आणि भाकरीच्या कामाला लागले.

लग्न लागलं, जेवणं झाली, आणि निघायची वेळ आली. मंडपाच्या तोंडाशी फुलांनी सजवलेली गाडी उभी. एका बाजूला टेबलावर तोच माझा काळा डबा, शेजारी पाच स्पीकर, त्यांच्या जोडीला डीजेचे मोठे बॉक्स. याडीला आरशांची ओढणी पांघरून पहिल्या खुर्चीत बसवलं होतं. भाऊ तिला म्हणाला, "आज तू फकस्त ऐकायचं." ती उठू लागली होती. पोरीला सावरायला म्हातारी बाई जवळ लागते, ते तिचंच काम. त्यानं खांद्याला धरून तिला परत बसवलं.

भाची पुढे आली. व्हिडिओवाला तिला म्हणाला, "ताई, आवाज वरून येणार हाये. तुमी नुसते ओठ हलवा, आणि सावकाश एकेकाला भेटा."

ओठ हलवा! मला ते धड समजायच्या आत भावानं लांब बटण दाबलं.

आधी कॅसिओ वाजला. मग आमच्या याडीचा आवाज सगळ्या तांड्यावर पसरला, विहिरीतून यावा तसा. याडीनं मागं वळून बघितलं, कोण म्हणतंय म्हणून. तिला तिचा आवाज ओळखू आला नाही. मग तिनं तिच्या भावाला, आमच्या मामाला, घातलेली साद आली, मग बैल आला. तेव्हा तिला कळलं. तिनं ओढणीचा बोळा करून तोंडाला लावला.

भाची एकेकाच्या गळ्यात पडत होती. ओठ हलवत होती. काकाच्या गळ्यात पडली, वरून बैल. मावशीच्या गळ्यात पडली, वरून बैल. मेलेल्या मामाशी माझी याडी बोलत होती, आणि लोक मोबाइल वर धरून त्याचे व्हिडिओ काढत होते. कुणी पान खात होतं. कुणी खुर्चीत बसल्या बसल्या मान डोलावत होतं. तांड्यावरच्या म्हाताऱ्या तेवढ्या खाली बघत होत्या, कारण तो ढावलो कुणाचा आणि कुणासाठीचा ते त्यांना माहीत होतं. आणि भाऊ? भाऊ टेबलाशी उभा राहून आवाज कमी-जास्त करत होता. मुलगी निघाली आहे आणि बाप माऊस हलवतो आहे.

मला तेव्हा एकदम वाटलं, याला सगळं कळतं. हा बावळट नाही. ढावलो काय करतो ते यानं माझ्या लग्नात अंगावर घेतलेलं आहे, आणि आपल्या पोरीच्या पोटात काय आहे तेही याला ठाऊक आहे. म्हणून तर एवढा खटाटोप. पाच स्पीकर त्यानं पोरीच्या तोंडावर ठेवले होते.

मी मंडपाच्या कडेला गेले आणि बोर्डातली पिन उपटली.

"काहून बंद केलंस?" भाऊ ओरडला. "शूटिंग चालू हाये!"

"तो ढावलो याडीचा हाये," मी म्हटलं. "पोरगी तुझी निघाली. तिला म्हणू दे."

"तिला येत न्हाई."

"काहून येत न्हाई ते सगळ्यांना सांगू का?"

व्याह्यांकडची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. मी याडीकडे बघितलं. मला वाटलं होतं आता ती उठेल, पोरीला जवळ घेईल आणि सूर धरेल. ती उठली. पण तिनं मान हलवली. म्हणाली, "माझं म्हणून झालं कवाच. तिचं तिनं म्हणावं."

भाची उभीच होती. बटणं बंद केलेल्या मशिनीसारखे तिचे ओठ मिटले होते. मला माझ्या रागाचाच राग आला. एका बैठकीत काय शिकली असेल पोरगी? आता हिची फजिती होणार आणि जन्मभर लोक म्हणणार, आत्यानं पिन काढली.

भाऊ पिन घ्यायला माझ्याकडे निघाला. वाटेत याडी होती. तिनं त्याचं मनगट धरलं.

"उभा राहा," ती म्हणाली. "पोरगी बापाकडं येऊन राहिली."

खरंच येत होती. आली आणि बापाच्या गळ्यात पडली. हात बरोबर जिथं दादीनं शिकवला तिथं, मानेखाली. पहिल्यांदा नुसता दम लागला, शब्द येईना. दुसऱ्यांदा आवाज फुटला तो चिरकलेला, सुरात नाही, तालात नाही. पण शब्द शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेले.

तिनं म्हटलं, बा, आत्यानं मला अक्षरं आणून दिली. बा, तू त्यातलं लांब बटण तेवढं झिजवलं. बा, माझी अक्षरं कोरीच राहिली, त्यांच्यावर हळदीची धूळ बसली, माझ्या अंगाला हळद लागायच्या आधी माझ्या अक्षरांना लागली.

मी सांगते, तिथं कुणी हललं नाही. भाऊ हात खाली सोडून उभा होता. त्याला पळायचं होतं हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि याडीनं मनगट सोडलेलं नव्हतं. पोरीचा आवाज मध्येच तुटला. तिथं याडीनं मागून नुसता सूर दिला, शब्दाशिवाय, एक लांब श्वासाचा, त्याला धरून पोरगी पुन्हा उभी राहिली. तिनं म्हटलं, बा, मी दारात चहा घेऊन उभी असायची, तू पडद्यावरच्या परक्या पोरींसाठी रडायचास. बा, मी तुझ्या पाठीमागंच होते.

मग ती गाडीत बसली. दार लागलं, गाडी गेली.

भाऊ रडला का, असं मला नंतर पुष्कळ जणांनी विचारलं. नाही रडला. तो टेबलाशी जाऊन वायरी गुंडाळायला लागला आणि बराच वेळ एकच वायर गुंडाळत राहिला. माझ्याशी तो आजही धड बोलत नाही. मी गेले की आवाज थोडा कमी करतो, एवढंच. पिक्चर चालूच आहेत. कॉम्प्युटर तिथंच आहे. तो भाचीच्या घरी पाठव असं मी दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा तो उठून बाहेर गेला. मी तिसऱ्यांदा सांगणार आहे. चौथ्यांदाही सांगेन. माझा राग संपलेला नाही आणि तो संपावा असं मला वाटतही नाही.

त्या दिवशी पाहुणे पांगल्यावर मी ओसरीवर याडीशेजारी बसले. ती सतरंजीची घडी घालत होती. तिला बरं वाटावं म्हणून आणि मलाही धीर यावा म्हणून मी विचारलं, "याडी, कसं म्हटलं गं पोरीनं?"

तिनं घडी गुडघ्यावर ठेवली. शिकवणाऱ्या बाईला खोटं बोलता येत नाही.

"दम चुकला. सूर तर लागलाच न्हाई," ती म्हणाली. मग घडी उशाशी सारून म्हणाली, "पण बराबर माणसाला म्हटलं."